निवडीचा दिवस

बेसबॉल हा चेंडूफळीचाच एक खेळ होय. क्रिकेटप्रमाणे यातही एक जण चेंडू फेकतो व दुसरा तो टोलवितो; मात्र येथे फेकीस टप्पा नसतो, आणि धाव पूर्ण करण्यासाठी चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील ‘बेस’ क्रमाने गाठावे लागतात. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसांमधील अंतर ९० फूट असते. अमेरिकेतील विल्यम्सपोर्ट या गावी १९३९ साली कार्ल स्टॉट्झ या गृहस्थाने मुलांचे तीन संघ उभारले, तेव्हा ते अंतर ६० फुटांवर आणले. त्यांच्या या ‘लिटल लीग’चा पुढे देशोदेशी प्रसार झाला.

तिच्या संघांत मुले घेण्यापूर्वी त्यांची परीक्षा होते. वसंताच्या तोंडावर, गारठा पुरता सरला नसतानाच, मुले मैदानावर रांग धरतात. प्रत्येकाच्या पाठीवर एक क्रमांक लावलेला असतो. काही चेंडू जमिनीवरून येतात, काही आकाशातून. थोडी फलंदाजी, थोडे धावणे, आणि परीक्षा संपते. परीक्षक कागदावर गुण मांडतात व संघनायक पाळीपाळीने मुले निवडतात. एकेकाच्या वाट्यास जेमतेम काही मिनिटे येतात.

चेंडू हाती आला की निसटला, हे कोणासही दिसते. जाणता परीक्षक त्याच्या थोडे आधीचे पाहतो. जमिनीलगत येणाऱ्या चेंडूसमोर मुलगा गुडघे वाकवून उभा राहतो, की तोंड फिरवितो? उजव्या हाताने फेकताना त्याचा डावा पाय लक्ष्याच्या दिशेने पडतो का? फलंदाजी करताना चेंडूच्या भीतीने पाय बाजूला सरतो का? आणि सर्वांत बोलके म्हणजे, एक चेंडू सुटल्यावर दुसऱ्यासाठी तो कसा उभा राहतो? ज्याची ठेवण बरोबर आहे त्याच्या हातून आज चेंडू निसटला, तरी चार आठवड्यांच्या सरावाने तो हाती बसू लागतो.

मुलांचे वाढते शरीरही परीक्षकास चकविते. बारा वर्षांच्या दोन मुलांत एकास मिसरूड फुटू लागलेले असते, तर दुसरा अजून बाळसेदारच असतो. पहिल्याचा टोला साहजिकच दूर जातो. पण दोघे मोठ्या मैदानावर उतरतात तोवर दुसऱ्याचीही उंची वाढलेली असते, आणि नुसत्या ताकदीवर निभावलेल्या मुलाची तेथे तारांबळ उडते. शिवाय हे परीक्षक बहुधा मुलांचे वडीलच असतात. रांगेत स्वतःचा मुलगा उभा असता पेन्सिल सरळ चालविणे कोणास सोपे आहे? म्हणून अनेकांनी वेगवेगळे गुण द्यावेत व त्यांची सरासरी काढावी, ही रीत बरी.

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावी १९५० साली अशीच निवड झाली. ‘टबी’ नावाच्या एका मुलाने परीक्षकांस प्रसन्न केले व संघात पहिल्या बेसची जागा मिळविली. काही दिवसांनी टबीने प्रशिक्षकांस सांगितले, की आपण मुलगा नसून कॅथरिन जॉन्स्टन नावाची मुलगी आहोत; वेण्या कापून व भावाचे कपडे घालून आपण येथे आलो. प्रशिक्षकांनी तिला संघात ठेवले, आणि तो हंगाम ती खेळली. लीगच्या चालकांनी मात्र पुढल्याच वर्षी मुलींस बंदी करणारा नियम केला. न्यू जर्सी राज्यातील न्यायालयीन लढ्यानंतर १९७४ साली तो उठला.