दिव्याचं बटण कुणाच्या हाती?

प्रश्न : सहा वर्षांच्या आमच्या मुलाला ऑटिझम आहे. बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये सोनं-चांदी गलाईचं दुकान, वरच घर. हॉर्न वाजला की तो कान झाकून पलंगाखाली शिरतो. घरात मल्टिसेन्सरी खोली करून घ्यावी का?

उत्तर : कर्ज काढून तर नकोच!

रंगीत दिवे, बुडबुड्यांची नळी, मऊ गाद्या, मंद संगीत अशी ही खोली १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये आकाराला आली. पुढे कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी ४१ ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास केला. दिवे आणि आवाजाचं नियंत्रण मुलाकडे असताना त्याचं लक्ष वाढलं, त्याच त्या हालचाली कमी झाल्या. म्हणजे महागड्या सामानाइतकंच महत्त्व मुलाच्या निवडीला आहे. हे निष्कर्ष खोलीतले. बाहेरच्या वागण्याची हमी त्यातून मिळत नाही.

घरात रस्त्यापासून लांबचा कोपरा निवडावा. जाड पडदा, गोधडी आणि मुलाला स्वतः चालू-बंद करता येईल असा दिवा पुरेसा. तो नको म्हणाला, तर तिथे बसवू नये. चिकपेटच्या गल्ल्यांतून त्याला दुकानांची शटर उघडण्याआधी न्यावं. गर्दीत आवाज रोखणारे हेडफोन द्यावेत, पण दिवसभर नकोत.

श्रवणतपासणी राहिली असेल, तर ती आधी. होसूर रोडवरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत बालमानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. बिलं जपून ठेवावीत.