पाच वीसला सूर्य मावळतो

भिलाई सपाट आहे. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर, आणि चहूकडे धानाची शेतं. सेक्टरांतल्या मुलांना उंच काही दाखवायचं म्हटलं तर पोलाद कारखान्याच्या चिमण्याच दाखवाव्या लागतात. पण मुंबईच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत बसलं की दुर्ग, राजनांदगाव मागे टाकून डोंगरगड येतं. पुढे बोरतलाव, मग महाराष्ट्राच्या हद्दीतलं दरेकसा. दक्षिणेला बालोदपलीकडे राजहऱ्याचे लाल डोंगर आहेत, उत्तरेला कवर्ध्याच्या वर चिल्फीचा घाट. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमची मंडळी सुट्टीच्या दिवशी पहाटे निघते आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतते. बहुतेक सगळे कारखान्यातले, मूळचे नागपूर-भंडाऱ्याकडचे. इतक्या वर्षांत जे कळलं ते मांडतो.

१. चढ किती ते नंतर बघा, उजेड किती ते आधी बघा.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भिलाईत सूर्य पाच वीसच्या सुमारास मावळतो. त्याच दिवशी पुण्यात तो सहाला पाच कमी असेपर्यंत असतो. भारताची प्रमाणवेळ ज्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरतात, तो छत्तीसगडमधूनच जातो. आपण त्याच्या शेजारी आणि पुणं बरंच पश्चिमेला, म्हणून घड्याळ एकच असलं तरी आपला दिवस पस्तीस मिनिटं आधी बुडतो. सह्याद्री पालथा घातलेले पाहुणे इथे आले की हमखास म्हणतात, ‘पाचला निघालो तरी चालेल.’ पाचला निघालं तर इथल्या रानात थोड्याच वेळात वाट दिसेनाशी होते. डोंगराच्या पूर्वेकडच्या अंगाला तर ऊन चारलाच संपलेलं असतं.

जूनमध्ये भिलाईचा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, नोव्हेंबरअखेर अकरा तासांचा. हे अडीच तास माणसाच्या हिशेबात येत नाहीत, कारण थंडीत चालायला हुरूप येतो आणि वेळ भरपूर आहे असं वाटत राहतं. म्हणून आमचा नियम ठरलेला: साडेबारा वाजता जिथे असू तिथून मागे. माथा समोर दिसत असला तरी मागे. घड्याळ आमच्यातल्या रिटायर्ड फोरमन काकांकडे असतं आणि त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही. ‘डोंगर उद्याही इथंच राहते, चला खाली,’ एवढंच ते म्हणतात आणि स्वतः उतरायला लागतात.

२. हवा बघायची ती विशाखापट्टणमची.

पावसाळा परतला की महाराष्ट्रातले ट्रेकर छत्री-रेनकोट माळ्यावर टाकतात. आपल्याला तसं करता येत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे महिने, आणि आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेलं वादळ दीड-दोन दिवसांत आपल्या डोक्यावर ढग होऊन येतं. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद विशाखापट्टणमला धडकलं. त्याचं उरलेलं बळ छत्तीसगडवरून उत्तरेकडे सरकलं आणि १४ तारखेला नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या परिसरात, थोरोंग ला खिंडीच्या आसपास, बर्फ होऊन कोसळलं. चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी ट्रेकर होते, वाटाडे होते, तिथले रहिवासी होते. ऑक्टोबर हा तिथे डोंगरासाठी सगळ्यात चांगला महिना मानला जातो. दोन दिवसांपूर्वी किनाऱ्यावर काय झालं हे प्रत्येकापर्यंत पोचलं असतं तर किती जण खाली थांबले असते, हा विचार मला अजून सोडत नाही.

उपसागरात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी आली की आम्ही बेत पुढे ढकलतो. पाऊस पडून गेल्यावरही दोन दिवस थांबतो, कारण कातळावरचं शेवाळ पुन्हा जिवंत होतं. तिसऱ्या दिवशी मात्र जरूर जावं. एरवी दुपारनंतर धुरकट होणारं आकाश धुऊन निघालेलं असतं आणि माथ्यावरून दिसतं तेवढं वर्षात पुन्हा दिसत नाही.

३. रात्रपाळी करून थेट डोंगरावर जाऊ नये.

पहाटे सुटी झाली, आंघोळ केली, चहा घेतला आणि निघालो, हा भिलाईतला जुना उत्साह. चढताना काही वाटत नाही. झोप येते ती उतरताना, पाऊल टाकताना, आणि परतीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या हँडलवर. ज्याची रात्रपाळी असेल त्याला आम्ही बरोबर घेत नाही. तो रागावतो, पण नेत नाही.

४. डोंगरगडला कमी लेखू नका.

इथला बम्लेश्वरी देवीचा डोंगर सोळाशे फुटांचा सांगतात आणि पायऱ्या हजारावर आहेत. बांधीव पायऱ्या, वाटेत पाणी, दुकानं, शिवाय रोपवे; म्हणून खऱ्या डोंगर चढणाऱ्यांच्या यादीत हे नाव नसतं. माझ्या यादीत ते पहिलं आहे. नव्या माणसाला लांबच्या रानात नेण्याआधी आम्ही इथे नेतो. चढताना तो किती वेळा थांबतो याला महत्त्व नाही. उतरताना शेवटच्या दोनशे पायऱ्यांवर त्याचे गुडघे थरथरतात का, तो कठडा धरतो का, ते बघायचं. ज्याचे पाय इथे थरथरतात त्याला कच्च्या वाटेवर काठी लागते, आणि त्याच्यासाठी उतरायला चढण्याइतकाच वेळ धरावा लागतो.

नवरात्रात भिलाई-दुर्गहून हजारो माणसं रात्रभर पायी डोंगरगडला जातात. रस्त्याच्या कडेला मांडव असतात, चहा-फराळ असतो, पाय चेपून देणारेसुद्धा असतात. ती वाट एकदा चालावीच, पण तिला डोंगर चढणं समजू नये. तिथे गर्दीच माणसाला पुढे नेते. कोजागिरीनंतर एखाद्या आडवारी सकाळी जा. माथ्यावरून पायथ्याचा तलाव, रेल्वेचे रूळ आणि त्यावरून वळत जाणारी मालगाडी दिसते. समोर प्रज्ञागिरीवर बुद्धाची मोठी मूर्ती, आणि गावालगत चंद्रगिरी हे जैन तीर्थ. आचार्य विद्यासागर महाराजांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी समाधी घेतली ती तिथेच; त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचा. पाय शाबूत असतील तर बम्लेश्वरी आणि प्रज्ञागिरी एका दिवसात आरामात होतात.

५. परतीची गाडी आधी, जाण्याची नंतर.

दरेकसा हे दुर्ग-गोंदिया मार्गावरचं छोटं स्टेशन, गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात. बोरतलाव सुटलं की गाडी घाटात शिरते, बोगदा येतो आणि एकदम झाडी दाट होते. इथून हाजरा फॉलचा धबधबा जवळ, आणि पुढे धनेगावहून कचारगडची चढण. वर प्रचंड गुहा आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला कितीतरी राज्यांतून माणसं येतात. यात्रेच्या आधीचे, डिसेंबरातले शांत दिवस चढाईला उत्तम.

पण इथे थोड्याच गाड्या थांबतात. परतीची गाडी कोणती, ती आज धावते आहे का, आणि ती चुकली तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरं घरून निघण्याआधी हवीत. गाडीची वेळ ठरली की माथ्यावर किती बसायचं ते आपोआप ठरतं.

६. पायाखालचा महिना ओळखा.

ऑक्टोबरमध्ये शेवाळ, नोव्हेंबरात कुसळ, डिसेंबरात मुरूम. सुकलेल्या मुरमावर उतरताना पाऊल मोहरीवर पडल्यासारखं निसटतं. त्यावर सागाची मोठी पानं पडलेली असली की खालचा दगडही दिसत नाही. टाच रुतवत, तिरकं उतरायचं.

कुसळाची गोष्ट वेगळी. नोव्हेंबरात कमरेएवढ्या गवतातून गेलं की मोजे कुसळांनी भरतात. एखादं काढून हातात घ्या: टोकाला टाचणीसारखं तीक्ष्ण बी, त्याला उलटे बारीक केस, आणि मागे काळसर लांब शेपटी. त्या शेपटीवर थुंकीचा थेंब लावला तर ती तळहातावर सावकाश पीळ उलगडत फिरू लागते. जमिनीत ओल मिळाली की बी असंच स्वतःला रुतवून घेतं, आणि मोज्यात घाम मिळाला की आपल्या घोट्यात. म्हणून लोकरी मोजे नकोत. गुळगुळीत कापडाची लांब विजार मोज्यांवर ओढून घ्यायची.

याच दिवसांत वाटेवर, बरोबर तोंडाच्या उंचीला, मोठ्या रानकोळ्याचं सोनेरी जाळं असतं. काठीने तोडू नका. वाकून खालून जा. त्या कोळिणीला आपल्याशी काही देणंघेणं नसतं.

७. पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा नियम मी सगळ्यांत वर ठेवीन. कोटवार, गुराखी, शेतावर धान झोडपणाऱ्या बायका, कोणालाही विचारा. तीन गोष्टी विचारायच्या. पहिली अस्वल. थंडीत बोरं पिकतात आणि अस्वल बोरीखाली किंवा वारुळापाशी मान खाली घालून दंग असतं. त्याला दुरून नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं. आपण अचानक जवळ गेलो की ते घाबरून अंगावर येतं. मोठ्याने बोलत, घोळक्याने चालायचं, पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात नसायचं. दुसरी हत्ती. गेल्या काही वर्षांत कळप बालोद, कांकेरपर्यंत आले आणि २०२१ मध्ये गडचिरोलीतही पोचले. ज्या गावाच्या आसपास हत्ती आहेत तिथल्या डोंगरावर त्या दिवशी जायचंच नाही. तिसरी गोष्ट लोक हळू आवाजात सांगतात: करंट. रानडुकरांसाठी विजेच्या लाइनवर आकडा टाकून शेताकडेने उघडी तार ओढलेली असते. ती बहुधा अंधार पडल्यावर जोडतात. माणसं मेली आहेत, गुरं मेली आहेत, वाघ-बिबटेही मेले आहेत. उशीर झाल्यावर बांधावरून जवळचा रस्ता काढू नये तो याचसाठी.

बालोदकडच्या एका गावात एक दाई आमच्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाली, ‘बेर बुड़े के पहिली उतर जाहू.’ सूर्य बुडायच्या आत उतरा. साडेबाराच्या नियमाला इतका पाठिंबा मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

८. माथा रिकामा नसतो.

छत्तीसगडमध्ये बहुतेक माथ्यांवर देव आहे. दंतेवाड्याजवळ फरसपालवरून चढत जाणारं ढोलकल हे त्यांतलं सगळ्यात थरारक ठिकाण. बैलाडिल्याच्या रांगेत, तीन हजार फुटांच्या आसपास, एका उघड्या सुळक्यावर तीनेक फुटांची दगडी गणेशमूर्ती. ना भिंत, ना छप्पर. नागवंशी राजांच्या काळातली म्हणतात. भिलाईहून ते एका दिवसाचं काम नाही, पण रात्रीच्या बसने दंतेवाडा गाठलं तर चढ-उतार दिवसात होतो. जानेवारी २०१७ मध्ये ही मूर्ती कुणीतरी खाली ढकलली. दरीत पडलेले तुकडे गोळा करून, जोडून ती पुन्हा जागेवर बसवली. तिच्यावर ते सांधे आहेत. मूर्तीला रेलून, खांद्यावर हात टाकून फोटो काढणाऱ्यांना हे सांगावं लागतं. गावातल्या तरुणाला वाटाड्या म्हणून न्या आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या. जोडे कुठे काढायचे, कुठे बसायचं, काय खायचं नाही, हे तो सांगेल तसं करा.

९. पाठीवर थोडंच घ्यावं.

माणशी दोन लिटर पाणी (थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक कमी नेतात, ते चूक), बॅटरी, दशम्या, गूळ-शेंगदाणे, एक कोरडा बनियन. पहाटे बारा अंश आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अशी इथली थंडी असते. घामाने भिजलेला कपडा माथ्यावर बदलला की सर्दी टळते. सीताफळं वाटेत विकत मिळतात. बिया पिशवीत घालून परत आणाव्यात.

१०. राजहरा एकदा बघावा.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून आपल्या भट्टीत गेलेलं लोखंड मुख्यत्वे दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आलं. तिथलं चांगलं खनिज सरत आलं म्हणून आता रावघाटकडे वळावं लागलं. खाणीत जायला परवानगी लागते, पण आसपासच्या टेकाडावरून पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला डोंगर लांबूनही दिसतो. आपण ज्या क्वार्टरमध्ये वाढलो, ज्या शाळेत शिकलो, ते सगळं या डोंगराने दिलं. त्याच्याकडे पाहिल्यावर उरलेल्या डोंगरांवर कागदाचा कपटा टाकायची इच्छा होत नाही.

भिलाईतल्या मराठी घरांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना पुण्या-मुंबईला नेताच. त्यातला एक दिवस इथल्यासाठी ठेवा. सकाळच्या मेमूने डोंगरगडला जा, रोपवेचं तिकीट काढू नका, मुलांना पायऱ्यांनी चढू द्या आणि तीनच्या आत खाली उतरा.