आपल्या शहराचा जादूगार : रहस्यकथा लिहिण्याचा एक पाठ (इयत्ता ७ वी व ८ वी)



"आपल्या शहराला वाचवणारा जादूगार" या विषयावर मुलांना एक रहस्यकथा लिहायला सांगून बघा. मी सांगितली. आमची मुलं लालबाग-परळची, त्यामुळे जागा झकास आल्या. बंद गिरणीच्या चिमणीत लपलेला राक्षस, गिरगावच्या चाळीतली कुलूपबंद खोली, दादर स्टेशनच्या पुलावर मध्यरात्री दिसणारी सावली. पण शेवट बहुतेकांचा एकच. जादूगार येतो, काठी फिरवतो, राक्षस खलास! दीड पानाचं रहस्य दोन ओळींत संपलं.

यात चूक मुलांची नाही. जादूलाही नियम लागतो, किंमत लागते आणि रहस्याला पुरावा लागतो, हे आपण त्यांना सांगितलेलंच नसतं. ते सांगण्यासाठी मी आपल्याच परळमधली एक खरी गोष्ट वापरते.

गोष्ट : न दिसणारा शत्रू

साल १८९६, सप्टेंबर महिना. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एक विचित्र ताप ओळखला. तो होता प्लेग. घराघरांत आधी उंदीर मरून पडत, मग माणसं. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले.

शत्रू कोण, तो येतो कुठून, कोणालाच कळेना. त्यात लोकांना रोगाइतकीच इस्पितळाची भीती. तिकडे नेलेला माणूस परत येत नाही, अशी बोलवा पसरली. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लासुद्धा केला.

अशा वेळी वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. मूळचे ओडेसाचे. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना काम करायला थोडी जागा मिळाली. त्यांच्या काचेच्या चंबूत चक्क तूप होतं! मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्याखाली प्लेगचे जंतू लोंबत्या झुपक्यांसारखे वाढत. ते जंतू उष्णता देऊन मारायचे आणि त्यांचीच लस करायची.

पण ती टोचायची कोणाला? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते सुखरूप राहिले. मग भायखळा तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांचीही भीती कमी झाली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसात आली. तीच आजची हाफकिन संस्था.

गुन्हेगार कोण, हे मात्र दुसऱ्याने ओळखलं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं की रोग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की ती दुसरीकडे उडी मारते. पुढे परळच्याच प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी याला भक्कम पुरावा दिला. म्हणजे मेलेले उंदीर हा धागा पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता!

रक्षकच आरोपी

१९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ठपका आला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर, आणि त्यांचं पद गेलं. नीट पाहिल्यावर कळलं की सगळे मृत्यू एकाच बाटलीतल्या लसीने झाले होते आणि ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले, पण पाच वर्षं गेली ती गेलीच. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

वर्गात असं घ्या

गोष्ट "मेलेले उंदीर" इथे थांबवा आणि विचारा, "तुम्ही असता तर कोणावर संशय घेतला असता?" मुलं पाणी म्हणतील, हवा म्हणतील, परका माणूसही म्हणतील. ही उत्तरं फळ्यावर तशीच राहू द्या. शेवटी त्याच फळ्याकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारा, "पुराव्याशिवाय आपण किती जणांना दोषी ठरवलं?" आमच्या वर्गात एकदम शांतता पसरली होती.

मग मुलांना आपली कथा पुन्हा लिहायला सांगा. अटी चारच :

१. जादू काय करू शकत नाही, ते पहिल्या पानावर आलं पाहिजे.
२. जादू वापरली की जादूगाराचं काहीतरी गेलं पाहिजे.
३. खरा धागा वाचकाला सुरुवातीलाच दिसला पाहिजे, पण महत्त्वाचा वाटता कामा नये.
४. एकदा तरी लोकांनी जादूगारावरच संशय घेतला पाहिजे.

पालकांसाठी एक काम. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. बीआयटी चाळी, सँडहर्स्ट रोड, दादरची हिंदू कॉलनी या त्याच्याच खुणा. रविवारी मुलांना घेऊन यातली एक तरी जागा बघून या. रस्ता रुंद का, घरांमध्ये मोकळी जागा का, हे त्यांनाच शोधू द्या.

दुसऱ्या खेपेला आमच्या एका मुलीने लिहिलं की तिचा जादूगार प्रत्येक मंत्र आधी स्वतःवर करून बघतो. मी काहीच दुरुस्त केलं नाही. तुमच्या मुलांचे जादूगार काय करतात, ते जरूर कळवा.