वर्गणीवर रचलेले खेळ

आपल्या जिल्ह्यांत बुरूड टोपली विणावयास बसतो, तेव्हां बांबू किती लागतील हें तो आधींच मनाशीं ठरवितो. संगणकावरील खेळाचा असा अजमास बांधणें फार कठीण. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें ‘राजी’ या खेळासाठीं २०१७ सालीं किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ठरलेला आंकडा गांठला गेला नाहीं, आणि तेथील नियमाप्रमाणें एक पैही हातीं आली नाहीं. पुढें प्रकाशकाच्या साहाय्यानें २०२० मध्यें खेळ निघाला, ही समाधानाची गोष्ट होय.

आम्हांस अधिक भय वाटतें तें पैसा मिळूनही अपुरा पडण्याचें. अमेरिकेंतील डबल फाइन मंडळीनें २०१२ सालीं चार लाख डॉलर मागितले. मिळाले तेहतीस लाखांहून अधिक! परंतु त्याबरोबर बेतही फुगला, आणि ‘ब्रोकन एज’ हा खेळ २०१४ व २०१५ असा दोन भागांत द्यावा लागला.

शंभर रुपये जमले, तर पांच किकस्टार्टरचे, आणखी तीन ते पांच रक्कम वळती करणारांचे. मग वर्गणीदारांस कबूल केलेल्या चित्रांची छपाई व टपालखर्च. खेळ रचणाराच्या पगाराची पाळी त्यानंतर येते.