सुताराविना जुळणारे यंत्र



बैलबंडीचे लाकडी चाक कसे बनते हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील जुन्या सुतारांना विचारा. आधी मधला तुंबा, मग तुंब्याच्या भोकांत आरे, आऱ्यांवर कडेचे लाकडी तुकडे आणि सर्वांत शेवटी तापवलेली लोखंडी धाव. हा क्रम बदलता येत नाही. तुंबाच नसेल तर आरा ठोकणार कशात? हा क्रम सुताराच्या डोक्यात असतो. पण जेथे सुतारच नाही, तेथे अनेक सुट्या भागांचे यंत्र बिनचूक कसे जुळेल?

असे यंत्र तुमच्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. त्याचे नाव रायबोसोम.

यंत्राचे सुटे भाग

रायबोसोमचे काम प्रथिने बनविण्याचे. संदेशवाहक आर.एन.ए.वरील मजकूर वाचून त्याप्रमाणे अमिनो आम्ले एकापुढे एक जोडायची, म्हणजे प्रथिन तयार होते. रक्तातील हिमोग्लोबिन असो वा कपाशीच्या पानातील प्रथिने असोत, ती सर्व रायबोसोमवरच तयार होतात. जिवाणूचा रायबोसोम इतका लहान असतो, की एक मिलिमीटर लांबीत सुमारे ५०,००० रायबोसोम शेजारी शेजारी मावतील.

रायबोसोमचे दोन खंड असतात, एक लहान व एक मोठा. आपण ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूचा लहान खंडच विचारात घेऊ. त्यात आर.एन.ए.चा एकच धागा असतो. त्या धाग्याला १५४२ दुवे असतात. त्याच्या जोडीला २१ निरनिराळी प्रथिने असतात. एस-१, एस-२ अशी त्यांची नावे आहेत.

ही २१ प्रथिने एकामागून एक बसवायची तर किती प्रकारचे क्रम संभवतात? गणितात तुम्ही क्रमगुणित शिकला असाल, तर उत्तर काढता येईल: ५१ च्या पुढे १८ शून्ये लिहिल्यास जी संख्या येते, जवळजवळ तेवढे! पेशी मात्र ही जुळणी काही मिनिटांत उरकते. तिला योग्य वाट कोण दाखवते?

धागा घडी घेतो

आधी एक सोपा प्रयोग करा. कागदाची लांब पट्टी घ्या. तिच्यावर समान अंतराने ही १२ अक्षरे लिहा: जी, जी, ए, सी, ए, ए, ए, ए, जी, यू, सी, सी. ही आर.एन.ए.च्या चार प्रकारच्या दुव्यांची नावे आहेत. नियम असा, की जी ची जोडी सी शी जमते आणि ए ची यू शी. आता पट्टी मधोमध वळवून दोन्ही टोके जवळ आणा. टोकांकडील चार चार अक्षरांच्या जोड्या जमतील आणि मधले चार ए फासासारखे मोकळे राहतील. केसांत खोवण्याच्या आकड्यासारखा हा आकार झाला.

१५४२ दुव्यांच्या धाग्यात असे अनेक आकडे तयार होतात. जेथे जोड्या जमतात तेथे धाग्याला दुहेरी पीळ पडतो. काही ठिकाणी असे तीन पीळ एकत्र येऊन रस्त्यांचा तिठा असावा तशी रचना होते.

येथे भौतिकशास्त्राची एक अडचण येते. आर.एन.ए.च्या प्रत्येक दुव्यावरील फॉस्फेटावर ऋण विद्युतभार असतो आणि सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात. मग धागा घट्ट घडी घेणार कसा? मदतीला येतात ते धन भाराचे मॅग्नेशियम आयन. ते मधे शिरून हे अपकर्षण कमी करतात. रायबोसोमच्या बहुतेक प्रथिनांवरही धन भार अधिक असतो. परंतु नुसत्या आकर्षणाने प्रथिन धाग्यावर कोठेही चिकटेल. नेमकी जागा ठरते ती घडीच्या आकारावरून.

नोमुरांचा प्रयोग

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. १९६८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मासायासू नोमुरा आणि पीटर ट्राउब यांनी रायबोसोमचा लहान खंड पूर्णपणे सुटा केला. आर.एन.ए. वेगळा, प्रथिने वेगळी. मग योग्य क्षार असलेल्या द्रावणात सर्व भाग पुन्हा एकत्र करून ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला ठेवले. खंड आपोआप जुळला आणि काम करू लागला! नळीत दुसरा कोणताही कारागीर नव्हता. अर्थात जुळणीच्या सूचना सुट्या भागांतच होत्या.

हेच मिश्रण थंड ठेवले, तर काही प्रथिने बसून जुळणी मधेच अडते. तो अर्धवट खंड तापवला, की उरलेली प्रथिने बसू शकतात. धाव तापवतात ती लोखंड प्रसरण पावावे म्हणून. येथे उष्णतेचे काम निराळे आहे. आर.एन.ए.ची घडी अडलेल्या आकारातून सुटून पुढील आकार घेण्यास जी ऊर्जा लागते, ती उष्णतेतून मिळते.

एकाने दुसऱ्याची जागा करायची

पुढे नोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक प्रथिन कमी-अधिक करून जुळणीचा नकाशाच तयार केला. काही मोजकी प्रथिने उघड्या आर.एन.ए.वर थेट बसतात. इतरांना मात्र आधीच्यांची वाट पाहावी लागते.

एस-१५ चे उदाहरण पाहा. ते वर सांगितलेल्या एका तिठ्यावर बसते. एकट्या आर.एन.ए.मध्ये या तिठ्याचे तीन हात फाकलेले असतात. एस-१५ बसले, की दोन हात एका रेषेत येतात आणि तिसरा त्यांतील एकाकडे झुकतो. या नव्या आकारात एस-६ व एस-१८ या जोडीची जागा तयार होते. ही जोडी बसली, की एस-११ ची सोय होते.

म्हणजे आर.एन.ए.चा आकार प्रथिनाला जागा दाखवतो आणि बसलेले प्रथिन आर.एन.ए.चा आकार बदलून पुढच्याला जागा करून देते. क्रम कोठेही वेगळा लिहून ठेवलेला नाही. तो या आकारांतूनच निर्माण होतो. वाटा एकाहून अधिक असू शकतात, पण आधी कोण व नंतर कोण हे नाते पाळले जाते. जिवंत पेशीत काही साहाय्यक प्रथिनेही असतात. ती जुळणीचा वेग वाढवतात व चुकीच्या घड्या सोडवतात.

चित्र स्पष्ट झाले

२००० साली या लहान खंडातील अणूंच्या जागा क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित झाल्या. केंब्रिज येथील ज्या गटाने हे काम केले, त्याचे प्रमुख होते वेंकटरामन रामकृष्णन. त्यांनी १९७१ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. ते जीवशास्त्राकडे वळले ते भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्यानंतर. २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना टॉमस स्टाइट्झ व आडा योनाथ यांच्यासह मिळाले. भौतिकी, जीवशास्त्र, रसायनशास्त्र! शाळेच्या वेळापत्रकातील तासांच्या भिंती निसर्गात नाहीत, हे यावरून ध्यानात घ्यावे.

याचा उपयोग काय?

क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात त्याचे उत्पादन होत असे. हे औषध जिवाणूच्या रायबोसोमच्या याच लहान खंडात, आर.एन.ए.च्या घड्या व एस-१२ हे प्रथिन जेथे जवळ येतात तेथे, जाऊन बसते. मग संदेश वाचण्यात चुका होतात. आपल्या पेशीतील रायबोसोमची घडण काहीशी निराळी असल्यामुळे औषधाचा मुख्य मारा जिवाणूवर होतो.

परंतु त्या आर.एन.ए.तील एखादा दुवा किंवा एस-१२ मधील एखादे अमिनो आम्ल बदलले, तर औषधाला ती जागा सापडत नाही. जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. उपचार अर्धवट सोडले, तर असे बदललेले जिवाणू शिल्लक राहून वाढतात. क्षयाच्या रुग्णाने बरे वाटू लागले तरी औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत असे डॉक्टर बजावतात, त्याचे एक कारण हे आहे. घरी, शेजारी कोणी औषध सोडत असेल, तर हे कारण त्याला अवश्य समजावून सांगा.

विचार करा

१. पट्टीवरील नववे अक्षर जी ऐवजी ए केले, तर किती जोड्या शिल्लक राहतील?
२. द्रावणातील सर्व मॅग्नेशियम काढून घेतले, तर आर.एन.ए.च्या घडीचे काय होईल?
३. एस-१५ वगळून बाकीची प्रथिने मिसळली, तर एस-६ व एस-१८ यांच्यापुढे कोणती अडचण येईल?