वायर भिंतीत जाण्याआधी

राउटर चार-पाच वर्षांनी बदलता येतो. भिंतीतली केबल मात्र बहुतेकदा घर विकेपर्यंत तशीच राहते. तेव्हा काटकसर करायचीच तर राउटरमध्ये करा. घरांत आणि छोट्या ऑफिसांत लॅनची कामं करता करता पक्की झालेली ही मतं.

१. खोक्यावर ‘कॅट ६’ छापलेलं असतंच. छापायला काय जातं? तारेचं टोक सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी झाक दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. चार वेळा वाकवलं की तुटतं. त्यातून पीओईवर, म्हणजे डेटाच्याच केबलमधून वीज देऊन, लांबचा कॅमेरा चालवला, तर दिवसा चित्र झकास. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की व्होल्टेज पुरत नाही आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. ३०५ मीटरचा बॉक्स निम्म्या भावात का मिळतोय, ते यावरून समजा.

२. घराला अस्सल तांब्याची कॅट ६ पुरे. पॅच कॉर्ड धरून १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनधास्त मिळतं.

३. “साहेब, लाइटच्याच पाइपातून घेऊ,” असं इलेक्ट्रिशियन म्हणणारच. ठाम नाही म्हणा. डेटाचा पाइप वेगळा, लाइटच्या वायरीपासून लांब. ओलांडावीच लागली तर काटकोनात. वळणावर एल्बो नको, लांब बेंड घाला.

४. नेट चालतंय, पण वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नाही? कंपनीशी भांडण्याआधी जॅक बघा. शंभराला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार नीट दाबली गेली नसली की लिंक निमूट शंभरावर उतरते. क्रिंप करताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका.

५. बंगल्यापासून गेटपर्यंत किंवा एका इमारतीतून दुसरीत तांबं नकोच. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की स्विचचे पोर्ट जातात. तिथे पोलादी आवरण नसलेली फायबर टाका; काचेतून वीज वाहत नाही.

६. गच्चीवरून येणारी केबल काळ्या आउटडोअर आवरणाचीच घ्या. साधी उन्हाने तडकते. भिंतीच्या भोकाआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता तिथेच गळून पडेल.

७. दोन्ही टोकांना एकच नंबर घाला. आणि प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मापाची टेप लावून. टीव्ही लटकवायला ड्रिल घेऊन येणाऱ्याला आधी तो दाखवा.