'मिशन' म्हणजे काय?



धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना विचारले, "मिशन म्हणजे काय?" एक मुलगा म्हणाला, "फादर, ही भिंतीच्या आतली जागा." एक मुलगी म्हणाली, "चंद्रावर यान पाठवतात ते." दोघांचेही चुकले नाही.

आपल्या जिल्ह्यात हा शब्द जुना आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला काम सुरू केले. पुढे कॅथलिक मिशनरीही आले. चर्च, शाळा, बोर्डिंग, दवाखाना एकाच आवारात असे. म्हणून लोक त्या आवारालाच 'मिशन' म्हणू लागले. आता राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य मिशन (२००५), जल जीवन मिशन (२०१९) अशा सरकारी योजनांतही तो दिसतो. तिथे त्याचा अर्थ 'मोहीम'.

मुळात लॅटिन 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. त्यावरून 'मिस्सियो', म्हणजे पाठवणी. ईशज्ञानात हा शब्द आधी पित्याने पुत्राला आणि पवित्र आत्म्याला पाठवले या अर्थाने वापरत. सोळाव्या शतकात येशूसंघीयांनी तो सुवार्तेसाठी माणसे पाठवण्यालाही लावला. आपल्या मराठीतला 'प्रेषित' हा शब्दही हेच सांगतो : पाठवलेला.

'मिस्सा' हा शब्दही त्याच मुळाचा. लॅटिन विधीत शेवटी लोकांना निरोप देताना तो येतो आणि त्यावरूनच सगळ्या उपासनेला नाव पडले. म्हणजे ख्रिस्तसभेने उपासनेचे नाव निरोपावरून घेतले. आणि आपल्यापैकी काही जण नेमके त्याआधीच मोटारसायकल सुरू करतात!

दोष माझाही आहे. मिशनची भिंत, मिशनची बोअर, मिशनची जमीन असेच मीही सभेत बोलतो. पाठवणीचे आपण आवार करून टाकले. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली 'मिशन रविवार' सुरू केला. त्या दिवशी पाकिटात पैसे टाकले की आपले काम झाले, असे आपल्याला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात (२०:२१) मात्र प्रभू येशू दारे लावून बसलेल्या शिष्यांनाच पाठवतो.

लेकीची पाठवणी आपण ती नकोशी झाली म्हणून करत नाही. तिने दुसऱ्या घरी दिवा लावावा म्हणून करतो. आपल्या वस्तीवर कुणी म्हातारे अंथरुणाला खिळलेले असेल, कुणाशी आपला अबोला असेल. या आठवड्यात आपल्याला कोणत्या घरी पाठवले आहे, ते ठरवूनच आज फाटकाबाहेर पडू या.

आपला,
फादर